दूध हा शब्द तसाच राहिला

सुमनताई,

गेल्या आठवड्यात तुम्हाला निरोप द्यायच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी सात-आठ मिनिटं बोललो. म्हणालो, ताईंचे आणि माझे अकरा वर्षांत कधी मतभेद झाले नाहीत. तुमच्या भाच्याने मान डोलावली. मागच्या रांगेतल्या आपल्या ऑफिसच्या मुलींनी मात्र खाली पाहिलं. त्यांना सगळं ऐकू यायचं. माझ्या केबिनची भिंत प्लायवूडची आहे, आणि घासाघीस करून ती सगळ्यात पातळ मीच घेतली होती.

म्हणून हे लिहितोय. तिथे खोटं बोललो ते इथे दुरुस्त करतो. आपलं भांडण झालं होतं, ते मिटलं नव्हतं, आणि तुम्ही ते अर्धवट टाकून गेलात. मला हे सहन होत नाही. मांजरी गावाहून भाजी आणून हडपसरच्या बाजारात कोथिंबीर विकत मी मोठा झालो. भाव विचारून निघालेल्या गिऱ्हाइकाला चार पावलांवरून परत कसं बोलवायचं हे मला लहानपणापासून येतं. तुम्ही चार पावलांच्या पलीकडे गेलात.

माझा तुमच्यावर राग आहे, ताई. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणू देत.

नारायण पेठेतल्या त्या पहिल्या मजल्यावर तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी खाली ‘कोडिंग’ अशी नवी पाटी लावली होती, आणि रोज दोन-तीन इंजिनिअर पोरं सॉफ्टवेअरची नोकरी समजून जिना चढून येत होती. माझी आई तर गावात सगळ्यांना विचारत होती, ‘कोडाचा धंदा म्हंजे काय, अंगावर येतं त्ये कोड का?’ तुम्ही सरकारी दवाखान्याच्या बालविभागात तीस वर्षं सिस्टर म्हणून काम करून निवृत्त झाला होता, पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकला होता. मी काम समजावून सांगितलं. अमेरिकेतला डॉक्टर पेशंटबद्दल जे लिहितो ते वाचायचं आणि प्रत्येक आजाराला पुस्तकातला ठरलेला आकडा द्यायचा. तो आकडा म्हणजे कोड. तुम्ही म्हणालात, ‘म्हणजे माणूस बरा करायचा नाही, नोंदवायचा.’ मी हो म्हणालो. मग पगाराची गोष्ट निघाली आणि मी सवयीने खाली खेचायला लागलो. तुम्ही मध्येच थांबवलंत. ‘जगतापसाहेब, पगार तुम्ही सांगाल तो घेईन. पण कोडमध्ये घासाघीस करायला माझ्याकडे यायचं नाही.’

हे वाक्य मला त्या दिवशी इतकं आवडलं की मी ते पुढे चार गिऱ्हाइकांना ऐकवलं. त्याचा दात मलाच लागणार आहे हे तेव्हा कळलं नाही.

दरवर्षी नव्या कोडांची यादी यायची. तुम्ही ती सगळ्या मुलींना समोर बसवून मराठीतून समजावायचात. सहा वर्षांपूर्वी अशा वेळी मी दारात चहाचा कप घेऊन उभा होतो. तुम्ही वाचलंत, ‘तान्ह्या बाळाच्या फुफ्फुसात अचानक रक्तस्राव, कारण अज्ञात. याला आता स्वतःचा आकडा मिळालाय. जुन्या आकड्याच्या शेवटी फक्त एक एकडा वाढलाय, तो विसरायचा नाही. आतापर्यंत आपण ही बाळं मोठ्यांबरोबर ‘खोकल्यातून रक्त’ यातच घालत होतो. एवढंसं बाळ खोकतंय डोंबल.’ मुली हसल्या. पल्लवीने विचारलं, ‘ताई, कारण अज्ञात म्हणजे आईची चूक नाही का?’ तुम्ही म्हणालात, ‘कारण अज्ञात म्हणजे कुणाचीच चूक सापडली नाही.’

चहा माझ्या हातावर सांडला होता. तुमच्या ते लक्षात आलं होतं.

संध्याकाळी मी तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं आणि सईबद्दल सांगितलं. तोवर ऑफिसमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. आमची पहिली मुलगी. सकाळी माझ्या बायकोने, मंगलने, तिला पाजलं, पाळण्यात ठेवलं, आणि थोड्या वेळात तिच्या नाकातोंडातून रक्त यायला लागलं. रिक्षाने जवळच्या नर्सिंग होमपर्यंत पोचेतो ती गेली होती.

लोक हे ऐकल्यावर काय विचारतात ते मला पाठ आहे. कुणी पाजलं, कसं पाजलं, ढेकर काढला का. तुम्ही विचारलंत, ‘किती दिवसांची होती?’

‘सत्तेचाळीस.’

‘म्हणजे अठ्ठावीसच्या वर,’ तुम्ही म्हणालात. नव्या कोडाची अट तुम्ही मनातल्या मनात तपासत होता. इतक्या वर्षांत सईबद्दल कुणी विचारलेला तो पहिला सरळ प्रश्न होता. मला रडू आलं, आणि तुम्ही टेबलावरची पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलात. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आता मानतो.

मग मी सईच्या मृत्यूच्या दाखल्याचा कागद काढला. तो कपाटात आतल्या कप्प्यात ठेवलेला असतो. ‘स्तनपानाचे वेळी दूध श्वासनलिकेत गेल्याने मृत्यू.’ एक ओळ आणि खाली सही. त्या ओळीवर माझ्या आईने मंगलला आयुष्यभर वागवलं. ‘झोपून पाजलं, दुसरं काय हाय.’ आमचा रोहन झाला तेव्हा मंगलने त्याला अंगावर घेतलं नाही. बसतं करून, मान धरून, वाटी-चमच्याने पाजायची, आणि प्रत्येक चमच्यानंतर त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. ती आजही घरात दूध तापवते आणि स्वतः कोरा चहा पिते.

तुम्ही कागद दोनदा वाचलात.

मी म्हणालो, ‘ताई, तुम्ही फक्त आपल्या फॉर्मवर याचा कोड लिहून द्या. नवा. खाली तुमची सही. मला कुठे कोर्टात जायचं नाही. घरी दाखवायचाय.’

‘यात रक्त हा शब्द कुठेय?’

‘नाही लिहिलेला. पण होतं. मी पाहिलं.’

‘तुम्ही पाहिलं. कागदाने नाही पाहिलं.’ मग विचारलंत, ‘पोस्टमॉर्टेम?’

‘नको म्हटलं आम्ही.’

‘आम्ही म्हणजे कोण?’

‘मी.’

तुम्ही कागद घडीवर घडी करून माझ्यासमोर ठेवलात. ‘साहेब, कारण सापडलं नाही असं म्हणायला आधी शोधावं लागतं. त्या अमेरिकेतल्या बाळांचं सगळं तपासलेलं असतं. सईचं कुणी काही शोधलंच नाही. यावर दूध लिहिलंय. मी कोड टाकला तर दुधाचाच पडेल.’

मी किती घासाघीस केली, ताई. तारीख नका टाकू म्हणालो. सही नको, नुसता शिक्का द्या म्हणालो. पेन्सिलने लिहा म्हणालो. ज्या माणसाने लोणी काळभोरच्या एका जमीनवाल्याला दीड तासात नरम केलं होतं, त्याच्यापुढे तुम्ही अर्ध्या आकड्यानेही खाली आला नाहीत. अमेरिकेतल्या हजारो अनोळखी माणसांना तुम्ही दिवसभर कोड वाटायचात आणि माझ्या पोरीला एक देता येईना. हा माझा दावा आहे आणि मी तो मागे घेतलेला नाही.

माझं चुकलं ते वेगळंच. त्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा तुमचा नकार मी रागात ऐकून न ऐकल्यासारखा केला होता. मंगल भाकऱ्या थापत होती. मी म्हणालो, ‘एक नवा कोड आलाय. सईसारख्या बाळांचा. त्यात आईचा दोष नसतो. ताई लिहून देणार आहेत.’ तिने तव्यावरची भाकरी काढली, गॅस बंद केला आणि खाली बसली. ‘कधी देतील?’ तिने विचारलं. एवढंच. पण त्यानंतर मी घरी आलो की ती आधी माझ्या हाताकडे बघायची, काही कागद आहे का.

तुम्ही मार्ग दाखवला नव्हता असंही नाही. आठवड्याने तुम्ही स्वतःहून केबिनमध्ये आलात. ‘ते डॉक्टर अजून आहेत का?’ होते, म्हातारे झाले होते, आठवड्यातून तीन दिवस बसायचे. ‘मग क्वेरी करू.’ आपल्या कामातली ही रीत मला माहीत होती. डॉक्टरची नोंद अर्धवट वाटली तर कोडरने आपल्या मनाने भर घालायची नाही, डॉक्टरला लेखी प्रश्न पाठवायचा. तुम्ही तुमच्या त्या गोल अक्षरात अर्ध्या पानावर लिहून दिलंत, ‘बाळाला आपल्याकडे आणले तेव्हा नाकातोंडातून काय येत होते, आठवत असल्यास कृपया लिहावे.’

‘बस?’ मी म्हणालो.

‘बस.’

‘रक्त असं लिहा ना सरळ.’

‘ते त्यांनी लिहायचं. आपण शब्द द्यायचा नाही. दिला की उत्तर त्यांचं राहत नाही. मोलभाव करू नका, तोंड बंद ठेवा, हा कागद द्या आणि बसून राहा. जमेल का?’

‘जमेल,’ मी म्हणालो.

नाही जमलं. रात्रभर विचार करून मला तुमचा प्रश्न मिळमिळीत वाटला. नुसतं ‘काय येत होतं’ विचारून कुणी माल सोडतो का? मी दुसरा कागद टाइप करून घेतला. ‘बाळाच्या नाकातोंडातून रक्त येत होते व त्याचे कारण अज्ञात होते, दूध गेल्याने मृत्यू झाला ही नोंद चुकीने झाली, हे खरे आहे.’ खाली सहीसाठी रेघ.

डॉक्टरांनी मला ओळखलं, ताई. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. नाव सांगितल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘मांजरीची मुलगी. पिवळं झबलं होतं. हो, मला आठवतं, तिच्या झबल्यावर...’ आणि मी तेवढ्यात माझा कागद त्यांच्या पुढ्यात सरकवला. त्यांनी तो वाचला. परत वाचला. मग चष्मा खाली आला. ‘हे तुम्ही लिहून आणलंय.’ मी म्हणालो, फक्त सही करा. ते म्हणाले, ‘वकिलाला पाठवा.’ मी आवाज चढवला. बाहेर बसलेल्या बाया लेकरं घेऊन उठून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी उठून दार उघडून धरलं. मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. पुढे त्यांनी बसणं बंद केलं आणि काही महिन्यांत ते गेले.

झबल्यावर काय होतं, हे ते वाक्य पूर्ण झालं असतं तर कागदावर आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं, डॉक्टर नाही म्हणाले. तुम्ही विचारलंत, ‘तुम्ही काय विचारलंत? शब्दाला शब्द सांगा.’ मी सांगितलं.  तुम्ही म्हणालात, ‘तुम्ही प्रश्नातच उत्तर घातलंत.’

मग मी जे बोललो ते प्लायवूडपलीकडे सगळ्यांनी ऐकलं. ‘तुम्हाला पोटचं मूल असतं तर कळलं असतं.’

तुम्ही चष्मा काढून पदराने पुसलात, परत लावलात. ‘दोन फाइली राहिल्यात,’ म्हणालात आणि बाहेर गेलात. दुसऱ्या दिवशी बरोबर साडेनऊला आलात. मला वाटलं होतं, याल राजीनामा घेऊन. त्या दिवशी पल्लवीचा डबा सांडला होता, तुम्ही तुमची अर्धी पोळी तिला दिलीत आणि माझ्या टेबलावर फाइली ठेवताना म्हणालात, ‘साहेब, तीन नंबरची परत बघा, तुमच्या लाडक्या गिऱ्हाइकाने उजवा पाय डावा केलाय.’ मी हसलो. माफी मागायची ती वेळ होती. ती गेली, मग महिने गेले, मग आपण त्या विषयाला वळसा घालून चालायला शिकलो, जिन्यातल्या मोडक्या पायरीला घालतात तसा.

घरी मंगलला मी काय सांगितलं असेल ते तुम्हाला कळलं असेलच. तुम्ही हुशार होता. मी म्हणालो, ‘ताई नाही म्हणाल्या. नियम आहे म्हणे.’ डॉक्टरचं, माझ्या कागदाचं एक अक्षर सांगितलं नाही. तोवर मंगल दर गुरुवारी तुमच्यासाठी काहीतरी पाठवायची, थालीपीठ, मेथीचे लाडू, कधी नुसतं लिंबाचं लोणचं. त्या गुरुवारपासून डबा बंद झाला. तुम्ही दोन आठवड्यांनी विचारलंत, ‘वहिनींची तब्येत बरी आहे ना?’ मी म्हणालो, बरी आहे. तुम्ही परत कधी विचारलं नाहीत. माझ्या वाटणीचा दोष तुम्ही सहा वर्षं वाहिलात, आणि कुणाचा आहे हे माहीत असून वाहिलात, असं आता मला वाटतं.

तुमच्या फुफ्फुसात पाणी झालं म्हणून तुम्हाला दाखल केलं तेव्हा मी मोसंबी घेऊन आलो होतो. तुम्ही उशाला टेकून स्वतःची केसफाइल वाचत होता. सिस्टर ओरडत होती, ‘आजी, ती पेशंटने बघायची नसते.’ तुम्ही मला म्हणालात, ‘बघा, पाणी उजवीकडे की डावीकडे ते लिहिलंच नाही. आपल्याकडे असती तर फाइल परत पाठवली असती.’ मग तुम्हाला खोकला आला. मी स्टुलावर बसलो. माफीचं वाक्य मी लिफ्टमध्ये जुळवून आलो होतो. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, ‘बोला की. गप्प बसायला एवढ्या लांब आलात?’ मी ऑफिसच्या नव्या जागेबद्दल बोललो. पार्किंग मिळेल म्हणालो. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि मध्येच म्हणालात, ‘मुलींना खिडकीजवळ बसवा. स्क्रीनवर उजेड पडतो असं सांगून तुम्ही त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवाल.’ त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मंगल शेंगा सोलत होती. ‘गेल्या का,’ म्हणाली आणि सोलत राहिली. पुण्यानुमोदनाला ती आली नाही. मी चल म्हणालो नाही.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी तो कागद पल्लवीला दिला. तुमच्या खुर्चीवर आता तीच बसते. म्हणालो, याला तान्ह्या बाळाच्या रक्तस्रावाचा कोड टाकून प्रिंट दे. तिने कागद नीट वाचलाही नाही. ‘हो सर, दोन मिनिटं.’ दोन मिनिटांत प्रिंट माझ्या हातात. सईचं नाव, तो आकडा, पुढे छापलेलं ‘कारण अज्ञात’. सहा वर्षं ज्याच्यासाठी तुमच्यावर राग धरला ते मागताक्षणी मिळालं. बाजारात उमेद गेली, मला वस्तूची किंमत कळते. मी ते कागद कापायच्या यंत्रात घातलं आणि त्याच्या बारीक पट्ट्या होताना बघितल्या. पल्लवी म्हणाली, ‘सर, काही चुकलं का माझं?’ मी म्हणालो, ‘नाही. तुझं नाही.’

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी मंगलला सगळं सांगितलं. तुमचा अर्ध्या पानाचा प्रश्न, माझा टाइप केलेला कागद, डॉक्टरांचं तुटलेलं वाक्य, तुम्हाला बोललो ते.  मी संपवलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे ताईंचा दोष नव्हता.’

‘नव्हता.’

‘आणि मी डबा बंद केला.’

मग मला सुचलं की तुमचा प्रश्न मी डॉक्टरला विचारला नाही तसा तिलाही कधी विचारला नव्हता. आमच्या घरात कुणीच विचारला नव्हता. सगळ्यांनी तिला सांगितलं होतं. तर मी तो विचारला, तुम्ही लिहिला होता तसाच, आपलं काही न घालता. ‘मंगल, सईच्या नाकातोंडातून काय येत होतं?’

ती पटकन म्हणाली, ‘दूध.’

मी म्हणालो, ‘आठवून सांग.’

‘आठवायचं काय त्यात. दूधच होतं. लिहिलंय ना.’

तिला खरंच दूधच दिसतं आता, ताई. इतकी वर्षं ती तेच बघत आलीय. मला राहवलं नाही. मी म्हणालो, ‘रक्त होतं मंगल. लालभडक. रिक्षात माझा शर्ट भिजला होता. मी पाहिलंय.’

ती माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही, आवाजही चढवला नाही. ‘तुम्ही पाहिलं होतं,’ ती म्हणाली. ‘मग डॉक्टर ते लिहीत होते तेव्हा तुम्ही बाजूलाच उभे होता. आई मला बोलत होत्या तेव्हाही. तेव्हा का नाही सांगितलं?’

आज चौथा दिवस आहे. ती वेळेवर जेवायला वाढते, माझ्या गोळ्या काढून ठेवते, रोहनशी फोनवर नेहमीसारखी बोलते. तो प्रश्न तिने पुन्हा विचारलेला नाही. मी समोर बसून जेवतो, आणि अजून काही बोललेलो नाही.